ड्रमवरील एक नांव

रॉक संगीताच्या वाद्यवृंदांत सर्वांच्या मागें बसलेला वादक हातापायांनीं एकाच वेळीं चार-पांच वाद्यें वाजवितो, याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ही सोय मूळची काटकसरींतून निघालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील नाटकगृहांतून बास ड्रम, म्हणजे कडेवर उभा ठेवलेला मोठा ढोल, एक मनुष्य वाजवी व स्नेअर ड्रम दुसरा वाजवी. स्नेअर हा पलटणींतून आलेला उथळ ड्रम. त्याच्या खालच्या कातड्यास बारीक तारा टेकलेल्या असतात. वर छडी पडतांच त्या थरारून कडकडीत, किंचित् खरखरता ध्वनि देतात. नाटकगृहांत जागा अपुरी आणि मालकाचा हात आंखडता, तेव्हां दोघांचें काम एकाच्या गळ्यांत पडणें ओघानेंच आलें.

शिकागोचा विल्यम लुडविग हा असाच एक वादक. जन्म जर्मनींतला, बालपणींच अमेरिकेंत आलेला. रॅगटाइम संगीताची चलती झाली तेव्हां बास ड्रम वाजविण्याच्या जुन्या पेडलास ती द्रुत लय पेलेना. लुडविगनें स्वतः एक चपळ पेडल बनविलें आणि १९०९ सालीं भाऊ थिओबाल्ड याच्यासह 'लुडविग अँड लुडविग' ही कंपनी काढली. मूकपटांच्या दिवसांत मोठमोठ्या चित्रगृहांतून वाद्यवृंद असत, आणि वाद्यवृंद म्हटला कीं ड्रम आलेच. धंदा भरभराटला.

१९२७ सालीं बोलपट आला. पडदाच गाऊं लागल्यावर पडद्यासमोरच्या वादकांस कोण विचारणार? हजारों वादक घरीं बसले. पेडलनें दोघांतील एक मनुष्य कमी केला होता. बोलपटानें उरलेलाही उठविला. गिऱ्हाईक आटतांच लुडविगची कंपनी कॉन या वाद्यें बनविणाऱ्या कारखान्याकडे गेली, आणि तिच्याबरोबर नांवही गेलें. १९३७ सालीं लुडविगनें नवा कारखाना काढला, पण ड्रमवर स्वतःचें आडनांव घालण्याचा हक्क त्यास उरला नव्हता, 'डब्ल्यू. एफ. एल.' या आद्याक्षरांवर भागवावें लागलें. त्या काळीं बोलबाला होता शिकागोच्याच स्लिंगरलँड कंपनीचा. तिचे 'रेडिओ किंग' ड्रम जीन क्रुपा वाजवी. बास, स्नेअर, बासवर बसविलेला एक टॉमटॉम व बाजूस जमिनीवर एक, ही त्याची मांडणी पुढें रॉकवाल्यांनीं जशीच्या तशी उचलली. १९५५ सालीं, पंचाहत्तरीच्या घरांत असतांना, लुडविगनें कॉनकडून आपलें नांव परत विकत घेतलें. गहाण पडलेला दागिना सोडवून आणावा, तसेंच तें झालें.

त्या दागिन्याचें तेज आठच वर्षांनीं दिसूं लागलें. १९६३ सालीं बीटल्सचा वादक रिंगो स्टार लंडनमधील 'ड्रम सिटी' या दुकानांत गेला आणि काळ्या-करड्या शिंपल्याच्या झांकीचा एक लुडविग संच त्याच्या मनांत भरला. रंगानेंच त्याला भुरळ घातली, असें सांगतात. ड्रमच्या दर्शनी पडद्यावर बीटल्सच्या नांवावर लुडविगचेंही नांव राहिलें. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं न्यूयॉर्कहून दाखविलेल्या एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत सुमारें ७ कोटी ३० लक्ष प्रेक्षकांनीं तें पाहिलें. शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालवूनही मागणी पुरी होईना.

तरी नुसत्या नांवानें नाद निघत नाहीं. वासराचें कातडें दमट हवेंत सैल पडे व कोरड्या हवेंत आवळे. तबला लावणाऱ्यास हें दुःख सांगावयास नको. १९५७ च्या सुमारास चिक एव्हान्स व रेमो बेली यांनीं पॉलिएस्टरचे पडदे बाजारांत आणले. ते हवेस दाद देत नसत आणि जड हाताखालीं टिकत. पाठोपाठ लुडविगचा 'सुप्राफॉनिक ४००' हा स्नेअर आला : व्यास १४ इंच, खोली ५ इंच, भांडें अॅल्युमिनियमचें, वर क्रोमचा मुलामा. विजेच्या गिटारींच्या गदारोळांतूनही त्याचा ठोका स्पष्ट ऐकूं येई.

लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमनें याचाच साडेसहा इंच खोलीचा भाऊबंद पसंत केला. रिंगोचा बास ड्रम २० इंचांचा, तर याचा २६ इंचांचा. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गीतासाठीं हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनांत त्याचे ड्रम मांडले होते, आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यानें दोन ध्वनिग्राहक वर जिन्यांत टांगले. तो गंभीर घुमारा ड्रमांचा जितका, तितकाच त्या जिन्याचा. हौशी लोक पदरमोड करून तसेच ड्रम मिळवितात. जिना कोठून आणणार?

विल्यम लुडविग १९७३ सालीं वारला. १९८१ सालीं त्याच्या मुलानें कंपनी सेल्मर कंपनीस विकली, आणि नांव पुन्हां घराबाहेर गेलें. सुप्राफॉनिकवरील क्रोम अॅल्युमिनियमला नीट धरून राहत नाहीं. जुन्या नगांवर फोड येतात, पापुद्रे सुटतात. ध्वनिमुद्रणगृहांतून असे डागाळलेले ड्रम अजूनही मागून घेतले जातात.