मळसूत्राचे आटे : जाड आणि बारीक

आपल्या ज्ञातीचा लोखंडाशी पिढीजात संबंध आहे. रेवस-मांडव्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत गलबतांचे खिळे व शेतीची अवजारे आपल्या लोहारसाळांत घडली. पुढे यंत्रयुगाबरोबर नट-बोल्ट आले. त्यांच्या आट्यांचा इतिहास तरुण बंधूंपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडातही पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवून त्यांवरून १८४१ मध्ये एक प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अर्धा इंच, म्हणजे आपल्या बोलीत चार सुती, बोल्टाला इंचात १२ आटे ठरले. आगगाड्या, गिरण्या व आगबोटी यांच्याबरोबर हेच जाड आटे आपल्याकडे आले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बारीक आट्यांचेही प्रमाण केले. त्यात चार सुतीला १६ आटे.

दोन्हींचे स्थान वेगळे आहे. जाड आटे लवकर चढतात, गंज व कचरा सोसतात आणि बिडासारख्या ठिसूळ धातूत चांगली पकड घेतात. बारीक आट्यांची खोली कमी, म्हणून बोल्टाचा गाभा जाड राहतो व तो अधिक ताण सोसतो. यंत्राच्या हादऱ्यांनीही तो सहसा सैल होत नाही. तात्पर्य, यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे कोणी नाही.

अमेरिकेत मात्र विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचविला आणि तेथे चार सुतीला १३ आटे रूढ झाले. या एका आट्याने आम्हांस जन्माचा धडा दिला. आमच्या लहानपणी वडिलांच्या लोहारसाळेत अमेरिकी बनावटीच्या एंजिनाची एक होडी दुरुस्तीस आली होती. नट आम्हीच डब्यातून काढून दिला. दोन फेरे सहज चढला, मग अडला. आम्ही पाना लावून तो रेटला. भर खाडीच्या मुखाशी आटे सोलले आणि एंजिन बंद पडले. शीड होते म्हणून माणसे सुखरूप परतली. वडिलांनी होडीवाल्याची क्षमा मागितली. आम्हांस ते एक शब्दही बोलले नाहीत. तो अबोला आम्ही अद्याप विसरलो नाही.

१९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचे समान आटे स्वीकारले. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे घेतली. आता १२ मिलिमीटरच्या जाड आट्यांच्या बोल्टावर दोन आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर असते. तथापि जुनी यंत्रे अजून दुरुस्तीस येतात. म्हणून बंधूंनो, आधी आटेमापक लावा. नट बोटांनी चढेल तेवढाच चढवा. अडला, तर पाना खाली ठेवा. लोखंड जबरदस्ती विसरत नाही.