गोणाईमाय

माऊली हो, कीर्तनात नामदेवरायांचं नाव घेण्याआधी आम्ही गोणाईमायला नमस्कार करतो. दामाशेटींची ती कारभारीण. घर शिंप्याचं. इ. स. १२७० साली नामदेवराय जन्मले. लेक देवळात रमला, संसार उघडा पडला, तेव्हा थेट विठ्ठलाशी भांडून आपला लेक मागणारी तीच. सून राजाई, घरात जनाबाई. नारा, विठा, गोंदा, महादा ही नातवंडं. गाथेत तिच्या नावाचे अभंग आहेत, म्हणून सातशे वर्षांनी ती आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या देवळ्याच्या दिंडीत डोईवर तुळस घेणाऱ्या, वाटेत भाकरी थापणाऱ्या, मागं गुरं-शेत राखणाऱ्या मायबायांची नावं कोणत्या वहीत आहेत? म्हाताऱ्या माणसांना विचारून आताच लिहून ठेवा.

राम कृष्ण हरी.