फिलिस व्हीटलीचे प्रमाणपत्र : एका साक्षीची चिकित्सा

फिलिस व्हीटली हिचा काव्यसंग्रह सन १७७३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. कवितांच्या आरंभी त्यात एक प्रमाणपत्र छापलेले आहे. या कविता फिलिसनेच रचल्या असा आपला विश्वास असल्याचे बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी त्यात जाहीर केले आहे. गव्हर्नर हचिन्सन आणि पुढे त्याच्या विरुद्ध पक्षाचा अग्रणी ठरलेला जॉन हॅनकॉक यांच्या सह्या येथे एकत्र आढळतात. एरवी या दोघांचे एकमत क्वचितच झाले असेल. अठरावी सही फिलिसच्या धन्याची आहे. मूळ प्रमाणपत्र आल्डगेट रस्त्यावरील आर्चिबाल्ड बेल या पुस्तकविक्रेत्याकडे पाहावयास मिळेल, अशी सूचनाही खाली आहे. कवीच्या कर्तृत्वाचा दस्तऐवज दुकानात पाहण्यास ठेवावा लागावा, यावरून संशयाची व्याप्ती कळते.

फिलिसला सन १७६१ मध्ये आफ्रिकेतून आणून बोस्टन येथे विकण्यात आले, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. ज्या जहाजातून ती आली त्याचेच नाव तिला मिळाले. गुलाम मुलीला असे काव्य साधणे शक्य नाही, हा समज या संशयाच्या मुळाशी होता.

अठरा पंच बसले आहेत आणि फिलिस त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत आहे, हे दृश्य आज बहुश्रुत आहे. हेन्री लुई गेट्स यांच्या २००३ सालच्या पुस्तकाने ते विशेष रूढ केले. परंतु अशी एकच बैठक झाल्याचा पुरावा नाही, असे जोआना ब्रुक्स यांनी २०१० मध्ये दाखविले. प्रमाणपत्राचा मजकूर पाहता त्यांचे म्हणणे ग्राह्य वाटते. काही उत्तम परीक्षकांनी तिची परीक्षा घेतली, एवढेच तेथे म्हटले आहे. कोणी, कोठे व केव्हा घेतली, याचा उल्लेख नाही. सही करणाऱ्यांनी स्वतः परीक्षा घेतली, असेही ते म्हणत नाहीत.

कर्तृत्वनिर्णयासाठी या सह्यांहून अधिक मोलाची साधने उपलब्ध आहेत. ओबोर टॅनर या आफ्रिकन मैत्रिणीस फिलिसने लिहिलेली पत्रे व तिच्या हस्ताक्षरातील काही कविता आजही सुरक्षित आहेत. तिची एक कविता न्यूपोर्टच्या वृत्तपत्रात १७६७ मध्येच, म्हणजे प्रमाणपत्राच्या पाच वर्षे आधी, छापली गेली होती. नाट्यमय चौकशीच्या मोहात इतिहासकारांचे या साधनांकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणणे भाग आहे. शिवाय त्या दृश्यात कर्तृत्वाचा निर्णय पुन्हा अठरा पुरुषांच्याच हाती जातो.

प्रमाणपत्राने संशय मिटला नाही. थॉमस जेफरसनने व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात या कवितांना टीकेसही अपात्र ठरविले. त्यांचा उल्लेखही त्याने ‘तिच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या’ अशा संदिग्ध शब्दांत केला. तो ग्रंथ प्रथम छापला गेला सन १७८५ मध्ये. फिलिस १७८४ च्या डिसेंबरात मरण पावली होती. दुसऱ्या संग्रहासाठी तिने १७७९ मध्ये वर्गणीदारांना आवाहन केले होते; तेहतीस कविता आणि तेरा पत्रे त्यात यावयाची होती. पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत, आणि ते हस्तलिखित अद्याप सापडलेले नाही.