तळघरातून रबर कारखान्यात : ‘द ब्लॅक कीज’ या जोडीची जडणघडण

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन या औद्योगिक शहरात २००१ मध्ये उदयास आलेली ‘द ब्लॅक कीज’ ही जोडी आज रॉक संगीतातील प्रमुख नावांपैकी एक मानली जाते. गायक व गिटारवादक डॅन ऑरबाख आणि ड्रमवादक पॅट्रिक कार्नी हे तिचे दोनच सदस्य. केवळ दोन वाद्ये, खरखरीत नाद आणि घरच्या घरी केलेले ध्वनिमुद्रण ही तिच्या आरंभीच्या संगीताची ओळख ठरली. माणसे, पैसा आणि जागा या तिन्हींच्या टंचाईतून ही शैली घडत गेली.

रबर उद्योगाचे शहर

ॲक्रन एकेकाळी जगाची रबर राजधानी म्हणून ओळखले जाई. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन आणि जनरल टायर या कंपन्यांचा विस्तार याच शहरात झाला. १९६० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार होती. पुढील दशकांत टायरनिर्मिती येथून हळूहळू उठत गेली आणि २००० पर्यंत लोकसंख्या सुमारे २ लाख १७ हजारांवर आली. मागे उरल्या त्या रिकाम्या कारखान्यांच्या इमारती आणि कामाच्या मर्यादित संधी. संगीताची परंपरा मात्र शहराला होती. ‘डेवो’ हा प्रयोगशील रॉक समूह ॲक्रनचाच. ‘द प्रिटेंडर्स’च्या क्रिसी हाइंड यांचा जन्मही येथलाच, परंतु आपला समूह उभारण्यासाठी त्यांना लंडन गाठावे लागले होते.

ऑरबाख (जन्म १९७९) आणि कार्नी (जन्म १९८०) एकाच वस्तीत लहानाचे मोठे झाले. टायर उद्योजकाचे नाव धारण करणाऱ्या फायरस्टोन हायस्कूलमध्ये दोघांचे शिक्षण झाले. शाळेत ऑरबाख फुटबॉल संघाचे कर्णधार होते, तर कार्नी एकलकोंडे. दोघांच्या मित्रमंडळींत फारसे साम्य नव्हते. दोघांच्या भावांनी आग्रह धरल्याने ते एकत्र वाजवू लागले. ऑरबाख यांना मिसिसिपीच्या टेकड्यांतील ज्युनियर किंब्रो व आर. एल. बर्नसाइड या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांच्या वादनाने झपाटले होते. कार्नी यांचा ओढा स्वतंत्र बाण्याच्या रॉक समूहांकडे होता. शिवाय त्यांच्याजवळ ड्रमसंच आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. पुढे दोघांनीही विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडले.

न आलेले साथीदार

२००१ मध्ये ऑरबाख दुसऱ्या एका समूहासह स्थानिक मद्यालयांत वाजवीत असत. कार्यक्रम मिळविण्यासाठी नमुन्याचे ध्वनिमुद्रण आवश्यक होते व त्यासाठी कार्नी यांच्या घराचे तळघर ठरले होते. ठरलेल्या दिवशी उर्वरित साथीदार आलेच नाहीत. तेव्हा आलेली वेळ वाया न घालवता दोघांनीच वाजविण्यास प्रारंभ केला. कार्नी केवळ ध्वनिमुद्रण करणार होते. ते ड्रमवर बसले आणि जोडी जन्मास आली.

या योगायोगाचा परिणाम संगीताच्या रचनेवर झाला. रॉक समूहात तळाचे सूर सहसा बेस गिटार सांभाळते. येथे ते वाद्यच नव्हते. त्यामुळे ती पोकळी भरून काढण्यासाठी ऑरबाख यांनी एकाच गिटारवर ठेका आणि सुरावट दोन्ही पेलले व तिचा आवाज मुद्दाम जाड व फाटका ठेवला. किंब्रो यांच्या वादनातील एकाच आवर्तनाचा ध्यास या रचनेस अनुकूल ठरला.

नावामागेही ॲक्रनच आहे. दोघांच्या वडिलांच्या परिचयातील आल्फ्रेड मॅकमूर हे मनोविकाराने ग्रस्त असलेले स्थानिक चित्रकार दूरध्वनीवर निरोप ठेवताना, एखाद्याविषयी मनात किंतु असल्यास त्यास ‘काळी पट्टी’ म्हणत. पियानोच्या पट्ट्यांवरून आलेला हा शब्दप्रयोग जोडीने उचलला.

तळघर आणि कारखाना

नमुन्याचे ध्वनिमुद्रण विविध कंपन्यांकडे पाठविण्यात आले. लॉस एंजेलिसच्या ‘अलाइव्ह’ या छोट्या कंपनीने जोडीचा एकही कार्यक्रम न पाहता करार केला. ‘द बिग कम अप’ हा पहिला अल्बम मे २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे संपूर्ण ध्वनिमुद्रण तळघरातच झाले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लीव्हलंड येथे झालेल्या पहिल्या जाहीर कार्यक्रमास मोजकेच श्रोते उपस्थित होते. दौऱ्यांचा खर्च भागविण्यासाठी दोघे एका घरमालकाकडे गवत कापण्याचे काम करीत.

पुढील करार मिसिसिपीतील ‘फॅट पॉसम’ या कंपनीशी झाला. किंब्रो व बर्नसाइड यांचे अल्बम याच कंपनीने प्रसिद्ध केले होते. मिळालेली आगाऊ रक्कम घरभाड्यात खर्ची पडल्याने स्टुडिओ परवडणारा नव्हता. परिणामी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिकफ्रीकनेस’चे बहुतांश ध्वनिमुद्रण जुन्या आठ पट्ट्यांच्या टेप यंत्रावर, तळघरातील १४ तासांच्या एकाच बैठकीत उरकण्यात आले.

त्यानंतर घरमालकाने इमारत विकली आणि तळघरही गेले. तेव्हा जोडीने जनरल टायर कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्यातील एक मजला गाठला. तेथे आवाज घुमत असे व जुने ध्वनिमिश्रण यंत्र सतत अडचणी निर्माण करी. याच वास्तूवरून नाव घेतलेला ‘रबर फॅक्टरी’ हा अल्बम सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि समीक्षकांच्या पसंतीस उतरला. ज्या उद्योगाने ॲक्रन उभे केले, त्याच्या ओसाड वास्तूत त्या शहराच्या पुढच्या पिढीने आपले काम शोधले, ही या अल्बमची ऐतिहासिक बाजू होय.

शहराबाहेर

व्यावसायिक स्टुडिओत संपूर्ण अल्बम करण्याचा योग जोडीला २००८ मधील ‘अटॅक अँड रिलीज’च्या वेळी, म्हणजे पाचव्या अल्बमला आला. २०१० मधील ‘ब्रदर्स’ने तीन ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिले, २०१३ मध्ये ‘एल कमिनो’ सर्वोत्कृष्ट रॉक अल्बम ठरला. २०१० मध्येच दोघे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे स्थलांतरित झाले आणि ॲक्रनचा तो कारखानाही त्याच वर्षी पाडण्यात आला.

मूळ प्रेरणेशी असलेले नाते मात्र तुटले नाही. २००६ मध्ये जोडीने किंब्रो यांच्या गीतांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली होती. २०२१ मधील ‘डेल्टा क्रीम’मध्ये मिसिसिपीच्या टेकड्यांतील ब्लूज गीतेच आहेत. त्यात केनी ब्राउन व एरिक डीटन या वादकांचा सहभाग असून, ब्राउन यांनी बर्नसाइड यांना, तर डीटन यांनी किंब्रो यांना साथ केलेली आहे. ज्या वादनाचे अनुकरण करीत दोघांनी तळघरात प्रारंभ केला, त्या परंपरेचे ऋण या अल्बममध्ये नावानिशी मान्य करण्यात आले आहे.