नौकेचा दृष्टान्त आणि जडत्वाची कल्पना

पृथ्वीच्या अक्षभ्रमणाचा इतिहास सांगताना आर्यभटाच्या नौकेचा उल्लेख टाळणारा लेखक विरळाच. हा उल्लेख झाला की पुढचे विधानही बहुधा ठरलेले असते. गॅलिलिओच्या अकराशेहून अधिक वर्षे आधी सापेक्ष गतीचे तत्त्व भारतात ज्ञात होते, असे ते विधान. यात तथ्य किती आणि अभिनिवेश किती, हे पाहावयाचे असेल तर नौकेबरोबरच तिच्यावर घेतलेल्या आक्षेपांकडेही पाहिले पाहिजे. आमच्या मते खरे भौतिकशास्त्र त्या आक्षेपांत आहे.

प्रथम आर्यभट. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त तो सांगतो की, पुढे जाणाऱ्या नौकेतील मनुष्यास तीरावरील अचल वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे लंकेत अचल नक्षत्रे पश्चिमेकडे जाताना दिसतात. याच ग्रंथाच्या आरंभीच्या भागात पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते असे मान दिले आहे. अहोरात्राचे प्राण २१,६०० आणि वर्तुळाच्या कलाही २१,६००. तेव्हा गणित स्पष्ट आहे. पुढील काळात काही टीकाकारांना हे पचले नाही. ‘भूः’ या पदाऐवजी ‘भम्’ असा पाठ रूढ झाला आणि पृथ्वीऐवजी नक्षत्रमंडल फिरू लागले. ब्रह्मगुप्ताने खंडनासाठी उद्धृत केलेल्या वचनात मात्र ‘भूः’ असाच पाठ आहे. मूळ मत प्रतिपक्षाच्या ग्रंथाने जपावे, असे विद्येच्या इतिहासात अनेकदा घडते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाने आर्यभटाचे हे मत मराठी वाचकांपुढे मांडले, त्यासही आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे.

आता आक्षेप. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पञ्चसिद्धान्तिके’त विचारले की, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले श्येनादी पक्षी आपल्या घरट्यांकडे परततात कसे? शिवाय ती एका दिवसात फिरत असेल तर ध्वज सदैव पश्चिमेकडे फडफडावयास हवेत. ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) विचारले की, उंच वस्तू कोसळत का नाहीत? आठव्या शतकातील लल्लाने त्यात बाणाची भर घातली: सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेकडे पडला पाहिजे.

या आक्षेपांना सनातनी वृत्तीचे द्योतक समजून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. उज्जयिनीच्या अक्षांशावर भूपृष्ठाचा वेग सेकंदास सुमारे ४२७ मीटर आहे. पाव तास घिरट्या घालणारा पक्षी पृथ्वीच्या गतीत सहभागी नसेल, तर त्याचे घरटे तेवढ्या अवधीत सुमारे ३८० किलोमीटर पूर्वेस गेलेले असेल. वराहमिहिराचा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवातून आलेला आहे आणि तो सर्वस्वी भौतिकीचा आहे. आर्यभटाची नौका त्यास उत्तर देत नाही. देऊ शकतही नाही.

याचे कारण दृष्टान्ताच्या रचनेतच आहे. आर्यभटाचा प्रवासी नौकेतून बाहेर, तीराकडे पाहतो. दोन वस्तूंमधील अंतर बदलत असता त्यांपैकी कोणती हलते हे केवळ दृष्टीने ठरविता येत नाही, एवढेच त्या दृष्टान्ताने सिद्ध होते. ही गोष्ट लहान नव्हे. नक्षत्रांच्या दैनंदिन गतीचा उलगडा तिने होतो. परंतु ती दर्शनाविषयीची आहे. नौकेच्या आत हातातून सुटलेला दगड कोठे पडेल, हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या प्रश्नास भूमिती पुरते. दुसऱ्यास जडत्वाची कल्पना लागते. नवव्या शतकातील पृथूदकस्वामीने आर्यभटाची बाजू घेतली आणि ‘खाली’ म्हणजे पृथ्वीकडे, तेव्हा उंच वस्तू कोसळण्याचे कारण नाही, असे ब्रह्मगुप्तास सुंदर उत्तर दिले. पण घरट्याचा आणि बाणाचा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही.

यात भारतीय ज्योतिषाला कमीपणा येतो असे कोणी मानू नये, कारण पश्चिमेकडील कथाही हीच आहे. टॉलेमीने दुसऱ्या शतकात ढग आणि पक्षी यांचाच आक्षेप घेतला होता. चौदाव्या शतकातील ब्युरिदाँचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याकडून एक प्रेरणा संक्रान्त होते व ती वस्तूस पुढे नेते, असा सिद्धान्त त्याने मांडला. वैशेषिकांच्या ‘वेग’ नामक संस्काराशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानी येईलच. एवढे साधन हाती असूनही परिवलनाच्या विरुद्ध त्याला निर्णायक वाटला तो बाणाचाच आक्षेप! वर जाणाऱ्या बाणातील प्रेरणा आडव्या वाऱ्यास विरोध करील, म्हणून बाण मागे पडेल, असे तो म्हणतो. पृथ्वीवर उभ्या असलेल्या धनुर्धराची पूर्वेकडील गती बाणात आधीच आहे, तिला वेगळ्या वाहकाची गरज नाही, हे त्यास सुचले नाही. त्याच्या नंतर ओरेमने (१३७७) ही अडचण ओलांडली. चालत्या जहाजावर डोलकाठीलगत हात खाली आणणाऱ्यास आपला हात सरळ रेषेतच गेला असे वाटेल, हे त्याने दाखविले; येथे प्रथमच दृष्टी जहाजाच्या आत वळली. अखेरीस मात्र त्याने पृथ्वी अचल असल्याचेच मत स्वीकारले.

पुढे ब्रूनोने (१५८४) तीरावरील आणि जहाजावरील अशा दोन माणसांच्या हातून एकाच बिंदूपासून दगड सोडवून त्यांच्या मार्गांतील भेद दाखविला. गॅलिलिओने १६३२ च्या ‘संवादा’त आपल्या वाचकास जहाजाच्या पोटातील बंद खोलीत नेले. तेथे फुलपाखरे आहेत, भांड्यात मासे आहेत, ठिबकणारी बाटली आहे. आणि जहाज एकसारख्या गतीने चालले आहे की उभे आहे हे यांपैकी कशावरूनही कळत नाही. बाहेर पाहण्याची सोयच त्याने काढून टाकली. आर्यभटाची उघडी नौका आणि गॅलिलिओची ही बंद खोली यांमधील अंतर हेच, आमच्या मते, सापेक्ष दर्शन आणि सापेक्षतेचे तत्त्व यांमधील अंतर होय.

डोलकाठीवरून दगड टाकण्याचा प्रयोग गॅलिलिओने स्वतः केला होता काय? १६२४ च्या इंगोलीस लिहिलेल्या पत्रात तो केल्याचे सांगतो; ‘संवादा’तील त्याचा प्रतिनिधी साल्व्हियाती मात्र, प्रयोगावाचूनच मला निकाल ठाऊक आहे, अशा थाटात बोलतो. १६४० साली गासाँदीने मार्सेय येथे वेगाने जाणाऱ्या गॅलीवर हा प्रयोग जाहीरपणे करून दाखविला आणि १६४२ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला.

एवढ्याने जडत्वाची आधुनिक कल्पना सिद्ध झाली असे मात्र नव्हे. गॅलिलिओच्या मते टिकून राहणारी आडवी गती पृथ्वीच्या गोलाभोवतीची, म्हणजे वस्तुतः वर्तुळाकार होती. सरळ रेषेचा स्पष्ट आग्रह देकार्तने १६४४ मध्ये धरला आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्यास पहिल्या नियमाचे स्थान दिले. संज्ञेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. केप्लरने ‘इनर्शिया’ हा शब्द आळस, गतीविषयीची अनिच्छा या अर्थाने योजला होता. त्याच्या मते प्रेरक नसेल तर वस्तू जेथल्या तेथे थांबते. न्यूटनने शब्द ठेवला आणि आशय पालटला. आपल्या ‘जडत्व’ शब्दावर केप्लरचीच छाया अधिक आहे, म्हणून विद्यार्थ्यास जडत्व म्हणजे स्थिर राहण्याची प्रवृत्ती असे वाटते व गतिमान वस्तूचे जडत्व त्याच्या गळी उतरत नाही. विश्वकोशाने योजिलेला ‘निरूढी’ हा शब्द या दृष्टीने अधिक निर्दोष आहे, पण तो वर्गात रुळला नाही.

सरळ रेषा, पण कोणाच्या दृष्टीने सरळ? न्यूटनने निरपेक्ष अवकाशाकडे बोट दाखविले. माखने १८८३ मध्ये ते अमान्य केले. आणि १८८५ मध्ये लुडविग लांग याने जडत्वीय संदर्भचौकट ही संज्ञा घडवून प्रश्नास नेमके रूप दिले. ज्या चौकटीत मुक्त वस्तू समवेगाने सरळ रेषेत जातात ती जडत्वीय. फिरणारी पृथ्वी या कसोटीस काटेकोरपणे उतरत नाही, आणि येथेच जुन्या आक्षेपकांचा प्रश्न अनपेक्षित रीतीने परत येतो. मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा अधिक वेगाने फिरते, म्हणून वरून सोडलेला दगड किंचित पूर्वेस पडेल, असे न्यूटनने १६७९ मध्ये हूकला कळविले होते. राइखने १८३१ साली फ्रायबेर्गच्या खाणीत सुमारे १५८ मीटर खोलीपर्यंत गोळ्या टाकून हे विचलन मोजले. ते सुमारे २८ मिलिमीटर, पूर्वेकडेच, भरले.

वर सोडलेल्या बाणाचे गणित याहून निराळे आहे. तो वर चढताना आणि उतरताना सर्व वेळ पृथ्वीच्या किंचित मागे पडत जातो, त्यामुळे तो पश्चिमेस पडतो. उज्जयिनीच्या अक्षांशावर ५० मीटर उंच जाणारा बाण, हवेचा विरोध सोडून दिल्यास, सुमारे ६.४ सेकंदांनी परत येईल. पृथ्वीची गती त्याच्यात मुळीच नसती तर तो सुमारे पावणेतीन किलोमीटर पश्चिमेस पडला असता. प्रत्यक्षात तो पडतो सुमारे तीन सेंटिमीटर पश्चिमेस. लल्लाने सांगितलेली दिशा बरोबर होती.