गार्डच्या डब्यातली तिकीट खिडकी

जरा वाका, दार बुटकं आहे. चढायचं ते याच बाजूनं; पलीकडची दारं कायमची बंद केली आहेत. ही रेल्वे बांधली तेव्हा पूल इतके अरुंद झाले, की गाडी कमानीखाली अडकली तर उतरायला जागाच उरेना. मग रूळ एका अंगाला सरकवले, निदान एका बाजूनं तरी माणसं बाहेर पडावीत म्हणून.

सरकून घ्या. 1951चा उन्हाळा आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर, टाउइन गावी सुट्टीला आलेली कुटुंबं टॅलिलिन रेल्वेच्या या चारचाकी डब्यात दाटीवाटीनं बसली आहेत. रुळांमधलं अंतर 2 फूट 3 इंच, माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम तीन इंच जास्त, त्यामुळे समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागणारच. दमट लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास नाकात शिरतो.

शिट्टी झाली! हिसका थेट पाठीच्या कण्यात. पुढे 1866चं डोलगॉख धापा टाकतंय. चालण्याजोगं तेवढं एकच जुनं इंजिन उरलंय. कोळशाची कणी डोळ्यात गेली? चोळू नका, पाण्याबरोबर वाहून जाईल. खिडकीतून खाली बघा. रूळ दिसत नाहीत ना? गवतच गवत! खालचं लोखंड जुनाट, स्लीपर कुजलेले. डबा एकदम कलतो, शेजारची बाई पोराला छातीशी धरते, डबा सावरतो आणि सगळे खो-खो हसतात.

इंजिन पाणी घ्यायला थांबलं की खाली उतरा आणि गार्डच्या डब्यापाशी जा. त्यालाच तिकिटाची खिडकी आहे, कारण वाटेतल्या स्थानकांवर तिकीट द्यायला कुणी नसतं. तिकीट घेताना गार्डचे हात बघा. पेरांत वंगण, नखांत गंज. हा पगारी माणूस नाही. उलट स्वतःची वर्गणी भरून इथे राबायला आलाय. मालक सर हेडन जोन्स यांनी हयातभर पदरमोड करून गाडी चालवली. ते गेल्यावर टॉम रोल्ट या लेखकानं बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी पैसे आणि सुट्ट्या देऊ केल्या. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. डबे काचेमागे ठेवणं कितीतरी सोपं होतं. पण त्यांत माणसं बसायला हवीत, हा या लोकांचा हट्ट होता, आणि मला तो सोळा आणे पटतो. या रेल्वेचे चार मूळ डबे आणि हा गार्डचा डबा आजही धावतात.

असो, आबरगिनोल्विन स्थानक आलं. परतीला अवकाश आहे. कोट काढा, बाह्या वर करा. एक मुलगा तुमच्यापुढे विळा धरून उभा आहे. वर्गणीच्या वहीत नाव संध्याकाळी लिहू; आधी वळणावरची ती झुडपं कापायची आहेत.