वरंध घाट, उकळते पाणी आणि मेणाची झडप

१/ महाडहून भोरकडे निघालेली गाडी वरंध घाट चढू लागली की वेग मंदावतो, इंजिनावरचा भार वाढतो आणि समोरचा वारा कमी पडतो. इंजिन तापते ते अशाच जागी.

२/ १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त, आरंभीच्या काही गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. मोठ्या चढणीला हा संथ प्रवाह अपुरा पडे.

३/ पंप आला, तसा उलट प्रश्न उभा राहिला: थंड इंजिन लवकर तापावे कसे? १९३० च्या दशकात सर्जियस वर्नेट यांनी मेणाचा थर्मोस्टॅट घडवला. मेण वितळताना फुगते, दांडा सरकवते आणि साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान झडप उघडते.

४/ गाडी तापली की ही झडपच काढून टाकण्याची आपल्याकडे रीत पडली. पण तापलेल्या इंजिनात निरोगी झडप उघडीच असते. ती अडकली असेल तर बदलावी. नसेल तर दोष तुंबलेल्या रेडिएटरमध्ये, सैल पट्ट्यात वा पंख्यात शोधावा. झडपेविना इंजिन थंडच राहते, इंधन अधिक जळते, झीजही वाढते.

५/ रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून ते शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही. दाब सुटताच मात्र उसळते. म्हणून घाटात गाडी तापली तर बॉनेट उघडावे, झाकण नव्हे.